तुपाची शाई आणि गाथेचे पान



आपल्या झोळीत टाळाशेजारी जी गाथा असते, तिला आपण नुसते पुस्तक समजत नाही. तिला पाय लागू देत नाही, उघडण्याआधी मस्तकी लावतो, पारायणाच्या वेळी तिला फूल वाहतो. त्या पानांवरची अक्षरे यंत्राने उमटवलेली आहेत, हे आपल्या मनातही येत नाही. आणि तरीही एक काळ असा होता की छापलेला कागद हातात घेतला तर विटाळ होतो, असे मानणारी माणसे याच महाराष्ट्रात होती. आज फोनवर हरिपाठ वाचणाऱ्या मुलाला कोणी आजोबा रागावतात, तेव्हा त्या जुन्या काळाची आठवण करून घेणे मला अगत्याचे वाटते. आजोबांना खोटे पाडण्यासाठी नव्हे. जुन्या लोकांच्या विरोधात काय वाया जाणारे होते आणि काय जपण्यासारखे होते, हे आपल्याला नीट निवडता यावे म्हणून.

छापखान्याआधी अभंग दोन ठिकाणी नांदत होता, कंठात आणि वहीत. तुकोबारायांच्या मुखातून निघालेले शब्द संताजी जगनाडे यांनी आणि कडूसच्या गंगाधरपंत मवाळांनी लिहून ठेवले. संताजी जातीने तेली. तेलाच्या घाण्यावरचे हात लेखणी धरतात आणि पुढच्या पिढ्यांसाठी अभंग राखतात, ही गोष्ट आपण कीर्तनात सांगतो. ती सांगताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, की वही हेदेखील त्या काळाचे साधनच होते. इंद्रायणीत वह्या बुडवल्या गेल्या त्या उगाच नव्हेत. विरोध करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते की कंठातला शब्द माणसाबरोबर जातो, पण लिहिलेला शब्द मागे उरतो आणि गावोगाव फिरतो. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या निघाल्या, त्या लोकांच्या कंठी लागल्या, आणि ज्यांच्या सांगण्यावरून त्या बुडाल्या ते रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचेच झाले. आपल्या परंपरेत विरोधकाचा शेवट असा होतो, हे मला फार मोलाचे वाटते.

या वह्यांवरून पुढे नकला झाल्या. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणी त्यांची बाडे राहिली. फडाफडाचा पाठ थोडा वेगळा, कुठे एक चरण मागेपुढे, कुठे एक अभंग जास्त. बाड गाठोड्यात बांधलेले, गाठोडे देव्हाऱ्याजवळ. ज्याच्या घरी बाड, त्याच्याकडे लोक जात. ज्या गावात बाड नाही आणि जाणता टाळकरीही नाही, त्या गावात अभंगही थोडेच पोचत.

आता छापखान्याकडे येऊ. या भूमीवर छापण्याची विद्या आली ती पोर्तुगीजांबरोबर, गोव्यात, १५५६ साली. त्याच गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. भाषा मराठी, ओव्या मराठी, पण अक्षरे रोमी आणि हेतू धर्मप्रसाराचा. पुढे बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ साली बायबलचा नवा करार मराठीत काढला. मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला. या मिशनऱ्यांच्या पुस्तिका बाजारात आणि यात्रांमध्ये फुकट वाटल्या जात, आणि आपल्या देवांची, मूर्तिपूजेची निंदा त्यांत उघड असे.

तेव्हा एखाद्या भाविकाने छापील कागद दिसताच हात मागे घेतला असेल, तर त्याला लगेच अडाणी म्हणू नका. त्याच्या अनुभवात छापलेला कागद म्हणजे आपल्या देवाला नावे ठेवणारा कागद होता. यंत्र कोणाच्या हातात आहे आणि ते काय करायला आले आहे, हा त्याचा प्रश्न योग्यच होता. चुकले एवढेच, की त्याने हेतूचा दोष यंत्राला लावला.

दुसरा आक्षेप सोवळ्याचा. छापण्याच्या शाईत जनावराची चरबी असते, कागद कोणत्या चिंध्यांचा केला कोण जाणे, आणि खिळे जुळवणारा माणूस कोणत्या जातीचा ते माहीत नाही. अशा कागदावर देवाचे नाव कसे छापायचे? गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक लिहिले. छापील कागदाला शिवण्यास कचरणारे लोक असल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे मुंबईसारख्या शहरात, छापखाने रोज चालत असतानाही, ही भीती पुरती गेली नव्हती.

हा अडसर ज्याने काढला त्याचे नाव प्रत्येक वारकऱ्याला माहीत असायला हवे. ते नाव गणपत कृष्णाजी. जातीने भंडारी, शिक्षण बेताचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्यांनी यंत्र पाहिले, मनात धरले, आणि स्वतःचे यंत्र उभे केले. शाई स्वतः करून पाहिली, खिळे स्वतः ओतले. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. आणि शाईत चरबी नको म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी तूप घालून शाई केली.

या तुपाच्या शाईचा जरा विचार करा. गणपत कृष्णाजी सोवळे पाळणाऱ्यांशी वाद घालत बसले नाहीत. तुमची भीती खुळी आहे, असे म्हणून त्यांना हसलेही नाहीत. तुमची अडचण चरबीची आहे ना, मग चरबी काढून टाकतो, एवढेच त्यांनी केले. आणि पहिल्यांदा छापले तेही पंचांग. तिथी-वार, एकादशी, ग्रहण घरोघरी लागतेच. ज्याला छापील कागदाचा विटाळ होता त्यालाही एकादशी कधी आहे ते पाहायचेच होते. गरज आणि आदर या दोन गोष्टींनी जे झाले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते.

यानंतर संतांच्या ग्रंथांची पाळी आली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली. शिळाप्रेसमध्ये खिळे नसतात, हाताने लिहिलेले अक्षरच दगडावर उतरवून छापतात. त्यामुळे ते पान पोथीच्या पानासारखेच दिसे. जुन्या डोळ्यांना नवे साधन परके वाटू नये, अशी ही सोय आपोआपच झाली. याच बाळशास्त्र्यांनी, मिशनऱ्यांकडे गेलेल्या एका ब्राह्मण मुलाला शुद्ध करून परत जातीत घ्यावे म्हणून खटपट केली होती आणि त्यापायी स्वजातीचा रोष पत्करला होता. माउलींचा ग्रंथ पहिल्यांदा छापणारा माणूस हा असा होता.

तुकोबांच्या गाथेची कथा याहूनही बोलकी आहे. मुंबई सरकारच्या शिक्षणखात्याचे प्रमुख अलेक्झांडर ग्रँट यांना तुकोबांच्या अभंगांची गोडी होती. सरकारने गाथा शुद्ध करून छापण्यासाठी २४,००० रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. संपादनाचे काम विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडे आले. त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले, वेगळे पाठ खाली नोंदवले. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून पहिला भाग १८६९ साली आणि दुसरा १८७३ साली निघाला. दोन्ही मिळून साडेचार हजारांवर अभंग.

आता हे विष्णुशास्त्री कोण? विधवांच्या पुनर्विवाहासाठी १८६६ साली मंडळी स्थापन करणारे तेच. ज्या १८६९ साली गाथेचा पहिला भाग निघाला, त्याच साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत एका विधवेचा पुनर्विवाह झाला. पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे यावर वाद झाला, निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला आणि विष्णुशास्त्र्यांवर बहिष्कार आला. पुढे त्यांनी स्वतःही विधवेशी लग्न केले. म्हणजे एका हाताने ते तुकोबांच्या ओळी जुळवत होते आणि दुसऱ्या हाताने त्यांनी ज्यांना समाजाने कोपऱ्यात बसवले होते त्या स्त्रियांसाठी दार उघडले होते. मला यात विसंगती दिसत नाही. उलट ज्याने गाथेचे एकेक अक्षर ताडून पाहिले, त्याला आणखी कशाची प्रेरणा होणार होती?

सज्जनहो, इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. सरकारही परके, आणि संपादक वाळीत टाकलेला. मग वारकऱ्यांनी ही गाथा का स्वीकारली? मला याचे उत्तर कामाच्या रीतीत दिसते. सरकारने पैसा दिला, पण शब्दाला हात लावला नाही. पाठ ठरले ते देहूच्या, तळेगावच्या, कडूसच्या आणि पंढरीच्या बाडांवरून. कोणत्याही फडाला तुमचा पाठ सोडा असे फर्मान निघाले नाही. पुढे तुकाराम तात्या पडवळांनी आठ हजारांहून अधिक अभंगांची गाथा काढली, तीही लोकांनी घेतली. आजही फडांवर आपापले पाठ चालतातच. सरकारी गाथा एक भक्कम आधार म्हणून उभी राहिली, सक्तीचा खांब म्हणून नाही. तुकोबांच्या वैकुंठगमनाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९५० साली, स्वतंत्र देशातल्या मुंबई सरकारने तीच गाथा पुन्हा छापली. राज्य बदलले, गाथा तीच राहिली.

दोषही सांगतो. गाथेच्या आरंभी तुकोबांचे चरित्र होते ते इंग्रजीत. मावळातल्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? १९०१ च्या शिरगणतीत सबंध हिंदुस्थानात शंभरात पाच-सहा माणसेच लिहिता-वाचता येणारी निघाली, तर तीस वर्षांपूर्वीची गोष्ट काय सांगावी! जाड जाड दोन भाग छापून सरकार मोकळे झाले. ते गावापर्यंत न्यायचे काम केले नंतरच्या छापखानेवाल्यांनी, स्वस्त प्रती काढून, आणि यात्रेच्या वाटेवर पथारी टाकून बसणाऱ्या पुस्तकविक्यांनी. धोरण कागदावर कितीही चांगले असले तरी शेवटच्या माणसापर्यंत ते कोण पोचवणार, हा प्रश्न त्या काळीही होता आणि आजही तसाच आहे.

तिसरा आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यांत खरा होता. जाणती मंडळी म्हणत असणार, की छापील गाथा आली की जो तो वाचून कीर्तनाला उभा राहील. चाल कोण शिकवणार? अर्थ कोणाच्या मुखातून ऐकायचा? बाड हातात पडे ते सेवा करून, फडावर वर्षे काढून. पुस्तक पैसे टाकले की मिळते. या आक्षेपात विटाळाचा वास नाही. यात काळजी आहे.

या काळजीला उत्तर दिले विष्णुबुवा जोग महाराजांनी. महाराजांनी छापखान्याला टाळले नाही. सार्थ गाथा त्यांनी १९०९ साली स्वतः छापून काढली. आणि १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. दोन्ही एकत्र पाहा. पुस्तक सर्वांच्या हाती देऊ, आणि ते कसे वाचायचे, कसे गायचे, कसे आचरायचे हे शिकवणारे मुखही तयार करू. विद्यार्थी आळंदीत राहतो, माधुकरी मागतो, पाठांतर करतो, गुरूंच्या पायाशी बसून अर्थ ऐकतो. छापखान्याने जे सुटण्याची भीती होती, ते जोग महाराजांनी छापखान्याच्याच काळात घट्ट बांधून ठेवले. नव्याला शिव्या देऊन जुने राहत नाही. जुन्याला नवे घर बांधून द्यावे लागते.

आणि आपण तरी कोणत्या जुन्याचे अभिमानी आहोत? माउलींनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला तेव्हा तो नवा होता. नाथ महाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून पोथी शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपले घालू नये अशी ताकीद दिली. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली, तीही तेव्हा नवीच. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे चाकरी केलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला १८३२ साली स्वतंत्र रूप दिले. दिंड्यांचे क्रमांक, चोपदाराचा दंड, रिंगणाचे अश्व ही शिस्त तेव्हाची. त्याच १८३२ साली बाळशास्त्र्यांचे ‘दर्पण’ मुंबईत सुरू झाले. वर्तमानपत्र आणि माउलींचा आजचा पालखी सोहळा ही दोन्ही एकाच वयाची आहेत. एकाला आपण नवे म्हणतो, दुसऱ्याला सनातन.

म्हणून नवे आले की मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो आणि तुम्हीही विचारावेत असे सुचवतो. याने नाम जवळ येते की दूर जाते? याने कोण आत येते आणि कोण बाहेर राहते? आणि यात शब्द शुद्ध राहतो का, तो चुकला तर जबाबदार कोण? छापखान्याने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली दिली. बाड ज्याच्या घरी तोच मालक, ही स्थिती त्याने मोडली. तेल्याची, महाराची, कुणब्याची मुले आणि घरातल्या लेकीसुना, ज्यांना कोणी बाड उघडून दाखवले नसते, त्यांच्या मांडीवर गाथा आली. तिसरे उत्तर संपादकाने दिले. मुखपृष्ठावर त्याचे नाव असते. चूक झाली तर कोणाला विचारायचे ते कळते.

राज्यकर्त्यांचे म्हणाल, तर त्यांनाही हेच माप लावावे. २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. प्रत्येक वारकऱ्याच्या काळजाला ते लागले. तरीही घरी बसून एकादशी करणाऱ्यांनी ते मानले, कारण कारण समोर होते, ते सर्वांना सारखे लागू होते, आणि परंपरा मोडली नाही, तिची वाट तेवढी बदलली. जिथे कारण सांगितले जात नाही, जिथे फडकऱ्यांना आणि दिंडीचालकांना न विचारता आराखडे ठरतात, तिथे विरोध होतो, आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा. विरोध हा प्रगतीचा शत्रू नाही. तो न विचारलेल्या माणसाचा प्रश्न असतो. त्याला गणपत कृष्णाजींसारखे उत्तर द्यावे: चरबी आहे का? असेल तर काढू.

आता आपल्या हातातल्या फोनकडे या. त्यात गाथा आहे, ज्ञानेश्वरी आहे, हरिपाठ आहे. नोकरीसाठी परगावी गेलेला मुलगा लोकलमध्ये उभ्याने हरिपाठ म्हणतो, परदेशातली लेक पहाटे काकडा ऐकते. डोळ्यांनी अधू झालेले म्हातारे अक्षर मोठे करून वाचतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इथेही चांगलीच आहेत. तिसऱ्याशी मात्र घोडे अडते. पूर्वी सालोमालोवर आळ असा, की तुकोबांचे अभंग तो आपल्या नावावर खपवी. आज उलटे चालले आहे. कोणीही चार ओळी जुळवतो, खाली ‘तुका म्हणे’ जोडतो आणि पुढे पाठवतो. संध्याकाळपर्यंत त्या हजार फोनांत असतात. मुखपृष्ठ नाही, संपादक नाही, विचारायला माणूस नाही. खऱ्या अभंगांतही काना-मात्रा गळालेल्या असतात, आणि तेच वाचून मुले पाठ करतात. नाथ महाराजांची ताकीद आज आपल्याला आहे.

याला फोन फेकून देणे हे उत्तर नव्हे. उत्तर १८६९ चेच आहे: मूळ बाडांकडे जा, पाठ ताडून पाहा, आणि आपले नाव खाली घालून जबाबदारी घ्या. अजूनही कितीतरी फडांकडे, मठांत, जुन्या घरांच्या माळ्यावर, कापडात बांधलेल्या वह्या पडून आहेत. त्यांना कसर लागते, पावसाळ्यात ओल येते. इंद्रायणीने तेरा दिवसांत वह्या परत दिल्या, वाळवी परत देणार नाही. सरकारने पंढरपूर-आळंदीच्या विकासावर खर्च करताना या वह्यांसाठीही तरतूद करावी, ही मागणी आपण दिंडी-दिंडीतून केली पाहिजे. पण सरकारची वाट पाहत बसू नये. तुमच्या घरी किंवा फडावर बाड असेल, तर ते या चातुर्मासात बाहेर काढा. घडी पडलेली पाने हलक्या हाताने सरळ करा, तेलकट किंवा ओला हात लावू नका, आणि चांगल्या उजेडात एकेक पान क्रमाने फोनवर टिपून घ्या. बाड कोणाचे, कोणत्या गावचे, कोणाकडून आले हे पहिल्या पानासोबत लिहून ठेवा. मग घरातल्या शाळकरी पोराला शेजारी बसवून, जुने अक्षर ओळखणाऱ्या जाणत्याकडून त्यातला एक अभंग रोज वाचून घ्या. फोन पोराच्या हातात असू द्या, अर्थ जाणत्याच्या मुखातून येऊ द्या.

रामकृष्णहरी.